ऑईलचा डबा मागून वाचा

कारच्या सर्व्हिसिंगमधून ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑईल लिटरभर उरलंय. १५० सीसीच्या मोटारसायकलमध्ये ओतलं तर? महागाचं आहे, म्हणजे चांगलंच असणार. (नाशिक)

ओतू नका. कारमध्ये इंजिन ऑईल फक्त इंजिनापुरतं असतं. मोटारसायकलमध्ये बहुधा तेच ऑईल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरतं. क्लचप्लेटा त्यातच भिजत असतात. कारच्या पातळ ऑईलमध्ये इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं मिसळलेली असतात आणि क्लचप्लेट चालते ती घर्षणावरच. घाटात वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र वेग घेत नाही, ही पहिली खूण. ओतून झालंच असेल तर लगेच काढा. प्लेटा जळल्या नसतील तर योग्य ऑईल भरल्यावर क्लच बहुतेक वेळा पुन्हा धरतो. जळल्या असतील तर त्या बदलण्यावाचून इलाज नाही.

डबा घेताना पुढचं चित्र सोडा, मागे छापलेलं ‘जॅसो’ (दुचाकीच्या ऑईलचं जपानी) मानांकन शोधा. एमए किंवा एमए२ हे ओल्या क्लचसाठी. एमबी हे गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच ऑईलच्या बाहेर, कोरडा असतो. ‘एपीआय एसएल’, ‘एसएन’ ही अमेरिकन मानांकनाची अक्षरं झीज आणि स्वच्छतेबद्दल सांगतात, ओल्या क्लचबद्दल काही सांगत नाहीत. तिथेच गफलत होते.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. मेकॅनिक म्हणतो, स्प्लेंडरचं १०डब्ल्यू-३० पाण्यासारखं आहे, २०डब्ल्यू-५० टाका. (चंद्रपूर)

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा, नंतरचा १०० अंश सेल्सियसला मोजलेल्या दाटपणाचा. तापल्यावर किती पातळ व्हायचं ते त्या दुसऱ्या आकड्यात आलेलंच आहे, आणि या इंजिनाचा पंप, ऑईलच्या वाटा १०डब्ल्यू-३० धरूनच आखलेल्या आहेत. दाट ऑईल सकाळी हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत, चढायला वेळ लावतं, वर मायलेज खातं. उलटही खरं: ज्या ३५० सीसी रॉयल एनफील्डला कंपनी १५डब्ल्यू-५० सांगते, तिच्यात १०डब्ल्यू-३० घालू नये.

उन्हाळ्यात दाटपणापेक्षा पातळीकडे बघा. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. इंजिन तीन मिनिटं चालवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक (ऑईल मोजायची काठी) पुसा आणि आटे न फिरवता नुसती टेकवा. इथेच बरेच जण चुकतात. आटे फिरवून बसवली की काठी खोल जाते, पातळी वर दिसते आणि ऑईल कमी असूनही भरलेलं वाटतं. काचेची खिडकी असलेल्या गाड्यांत हा घोळ नाही, फक्त गाडी सरळ उभी हवी.

पावसाळ्यात डिपस्टिकला दुधाच्या चहासारखा फेस दिसतो. गाडी रोज दोन किलोमीटर चालते. डिझेलने इंजिन धुऊन घेऊ का? (रत्नागिरी)

डिझेल नको. कोपऱ्याकपाऱ्यांत उरलेलं डिझेल नवं ऑईल पातळ करतं. दोन किलोमीटरमध्ये इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ बाहेर न पडता पाणी होऊन ऑईलमध्ये घुसळली जाते. फेस नुसता टोपणाला आणि काठीच्या वरच्या भागाला असेल तर आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर सलग चालवा, बहुधा जाईल. पण खालून काढलेलं सगळंच ऑईल दुधाळ निघालं तर पाणी बाहेरून शिरलंय: पुराचं, नाहीतर प्रेशरने धुतानाचं. लिक्विड कूल्ड (इंजिन कूलंटने थंड होणाऱ्या) गाडीत वॉटर पंपाचं सील किंवा हेड गॅस्केटही तपासून घ्या. ऑईल बदला, थोडं चालवून पुन्हा बदला. गाडी पुरात बुडाली असेल तर ऑईल काढल्याशिवाय किकही मारू नका.

ऑईल बदललं की खालच्या नटातून थेंब गळतो. मेकॅनिक दरवेळी अजून आवळतो. (सांगली)

आवळणं थांबवा. त्या ड्रेन बोल्टखालचा वॉशर एकदा दाबला गेला की चपटा होतो; दरवेळी नवा टाका, काही रुपयांचा आहे. बोल्ट पोलादी, केसिंग ॲल्युमिनियमचं, त्यामुळे जोर लावला की आटे केसिंगचेच जातात. मग हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवण्याचं काम निघतं.