अर्धा एकर न जाळता ठेव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. वसतिगृहात तुझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचे आईवडील ऊसतोडीला जातात, हे तुला दोन महिन्यांनी कळलं. त्याआधीच एकदा तू तिच्यासमोर बोलून गेली होतीस, की ही माणसं उचल, म्हणजे हंगामाआधी मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेतात आणि पळून जातात. ती गप्प बसली. आता तुला झोप लागत नाही, आणि तू विचारतेस, लहानपणापासून घरात ऐकलं ते सगळंच खोटं होतं का?

सगळं खोटं नव्हतं. उचल घेऊन तोडणाऱ्यांची टोळी आलीच नाही आणि ती उचल देणारा ट्रॅक्टरवाला कर्जात बुडाला, असं आपल्या गावात घडलेलं आहे. तुझ्या वडिलांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. पण चार माणसांचा अनुभव आपण हजारोंच्या कपाळी मारला आणि पुढे विचारायचंच सोडून दिलं. चूक झाली ती तिथे.

मी तुला माझ्या पाचटाची, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात उरणाऱ्या वाळल्या पाल्याची, गोष्ट सांगतो. तीस वर्षं मी तोड झाली की पाचट पेटवत आलो. माझे वडील पेटवायचे, आजा पेटवायचा. जाळलं की कीड मरते आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक, जोमात फुटतो, हे आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं. रात्री उसाचा फड पेटला की ताडताड आवाज यायचा, आणि सकाळी दोरीवरच्या धुण्यावर काळे कण पडलेले असायचे. शेतीशाळेत एक साहेब सांगून गेले, की एकरी तीन-चार टन पाचट तुम्ही जाळता, त्यात नत्र आहे, पालाश आहे, सेंद्रिय कर्ब आहे. मी मान डोलावली, घरी आलो आणि काडी लावली. पटलेलं आणि केलेलं यांत केवढं अंतर असतं, ते मला त्या रात्री कळायला हवं होतं, कळलं नाही.

पुढच्या वर्षी अर्धा एकर न जाळता ठेवला. खोडवा विरळ फुटला. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. पारावर बसून मी सांगितलं, बघा, आपलं जुनंच बरोबर होतं! माझंच नुकसान झालं होतं आणि मी खूश होतो. माझ्या समजुतीने माझ्यावर किती पकड धरली होती, ते यावरून ओळख.

नंतर शांतपणे बघितलं तेव्हा कळलं, पाचट मी बुडख्यांवरच पडू दिलं होतं. कोंब वर येणार कुठून? बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट ओढून सरीत दाबायचं, आणि ते कुजावं म्हणून टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू कल्चर टाकून पाणी द्यायचं, एवढं मी केलंच नव्हतं. नव्याची परीक्षा घेताना मी त्याला नापास करायच्या तयारीनेच बसलो होतो. तिसऱ्या वर्षी सगळं नीट केलं. एप्रिलच्या उन्हात सरीतलं पाचट हाताने बाजूला सारलं, तर खाली माती ओली, काळी, आणि दोन गांडुळं अंग चोरून आत शिरत होती. शेजारच्या जाळलेल्या पट्ट्याला भेगा पडल्या होत्या. त्यानंतर माझ्या रानात काडी लागलेली नाही.

म्हणून तुला सांगतो, एका रात्रीत सगळं रान बदलायला जाऊ नकोस. अर्धा एकर ठेव, पण तो मनापासून जप.

आणि एक वही घाल. डार्विनची एक सवय होती. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट दिसली किंवा सुचली, की तो ती लगेच लिहून काढायचा. अशा गोष्टी आपल्या बाजूच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, हा त्याचा अनुभव होता. मीही लिहायला लागलो. त्या वहीत एक पान टोळीच्या हिशोबाचं आहे. आमच्या फडात एक जोडपं होतं. बाई पहाटे मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायची, पाय थरथरायचे तिचे. एका संध्याकाळी मी त्यांच्या कोपीबाहेर, म्हणजे झोपडीबाहेर, बसून विचारलं, उचल किती, टन किती झाले, खाडे किती. इतकी वर्षं ती माणसं माझ्या रानात राबली आणि मी हे कधी विचारलं नव्हतं. बेरीज केली. हंगाम संपत आला होता आणि उचल अजून फिटलेली नव्हती. म्हणजे पुढच्या वर्षीही यायचंच, लेकराची शाळा सोडून. बिना फिटलेल्या त्या आकड्याखाली मी रेघ मारली आणि बराच वेळ उठलो नाही.

वडिलांशी बोलताना 'तुम्ही चुकीचे' असं म्हणून सुरुवात करू नकोस. त्यांना या हिशोबाला बसव. बेरीज त्यांची त्यांना करू दे.

लोक म्हणतील, कालपर्यंत वेगळं बोलत होतीस. म्हणू देत. गांधीजींनी १९३३ साली 'हरिजन'मध्ये लिहून ठेवलं होतं, की माझ्या दोन लिखाणांत विसंगती दिसली तर नंतरचं ते खरं धरा. एवढ्या मोठ्या माणसाला ते उघड सांगताना कमीपणा वाटला नाही. तुझं तर वय वीस.

मैत्रिणीची माफी माग, पण तुझं मन हलकं व्हावं म्हणून तिच्यापुढे रडू नकोस. तुला सावरण्याचं काम तिच्यावर येऊ नये. 'मी बोलले ते चुकीचं होतं' एवढं म्हण आणि गप्प बस. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल, नसेल तर तोही तिचा हक्क आहे.

दिवाळीला येशील तेव्हा टोळ्या यायला लागलेल्या असतील. ओढ्याकडेच्या रानात कोप्या पडतील, पाण्याचा नळ मी या वर्षी तिथपर्यंत नेतोय. येताना तुझी वही आण. आणि मैत्रिणीला विचार, तिला यायचंय का. हो म्हणाली तरच घेऊन ये.

तुझा,
आबा