कपाटात बुरशी, आणि बिल्डर म्हणतो चूक तुमचीच

प्रश्न : साडेचार वर्षांपूर्वी आम्ही नव्या इमारतीतल्या फ्लॅटचा ताबा घेतला. बेडरूममधलं कपाट बाथरूमच्या भिंतीला लागून आहे. गेल्या दोन पावसाळ्यांपासून त्यामागच्या भिंतीला ओल धरते, पाठीचं प्लायवूड फुगलं आहे, कपड्यांवर आणि कागदपत्रांवर बुरशी येते. मुलाला दमा आहे. बिल्डरला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, तर तो म्हणतो, ‘कपाट कायम बंद ठेवता, दमट कपडे आत टाकता, त्याला मी काय करणार?’ कपाट आम्ही आमच्याच सुताराकडून करून घेतलं आहे. कायद्याने काही करता येईल का?

उत्तर : ताई, करता येईल, पण हातात फार वेळ नाही. आजच ताबापत्र काढून त्यावरची तारीख बघा. रेरा, म्हणजे बिल्डर आणि घरखरेदीदार यांच्या व्यवहारांसाठीच्या कायद्याच्या कलम 14(3) नुसार, ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याने तसं केलं नाही, तर नुकसानभरपाई मागता येते. ही 5 वर्षं ताब्यापासून मोजतात, बुरशी पहिल्यांदा दिसली त्या दिवसापासून नाही.

तुमचे व्हॉट्सॲपचे मेसेज उपयोगाचे आहेत. ते पुसू नका, फोनही बदलू नका. पण केवळ त्यांच्यावर विसंबू नका. लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि ती पोचल्याचा पुरावा जपून ठेवा.

आता खरा मुद्दा. सगळा वाद एकाच प्रश्नावर फिरणार आहे : हे पाणी येतं कुठून? बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगमधून किंवा भिंतीतल्या पाइपातून झिरपत असेल, तर तो कामातला दोष आहे. घरातली दमट हवा बंद कपाटामागच्या थंड भिंतीवर जाऊन तिथे दव धरत असेल, तर बिल्डरच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि असा दावा लढवू नका असंच मी सांगेन. अशा तक्रारी नेमक्या इथेच फसतात. लोक बुरशीचे शंभर फोटो आणतात, पण पाण्याचा उगम दाखवणारा एकही कागद त्यांच्याकडे नसतो.

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. कपाटाची पाठ काढून भिंतीचा थोडा भाग कोरडा पुसा. त्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. फॉइल भिंतीकडच्या बाजूने ओली झाली, तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूने ओली झाली, तर ती हवेतली आहे. ओल पावसाळा संपल्यावरही टिकते का, बाथरूम दोन-तीन दिवस वापरलं नाही तर कमी होते का, याचीही तारखेनिशी नोंद ठेवा. अर्थात हे तुमच्या माहितीसाठी झालं. महारेरापुढे, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणापुढे, वजन पडेल ते सिव्हिल इंजिनिअरच्या अहवालाचं, ज्यात मॉइश्चर मीटरचं रीडिंग, जागेचे फोटो आणि ओलीचं कारण स्पष्ट लिहिलेलं असेल. मात्र अहवालासाठी नोटीस थांबवू नका. आधी नोटीस जाऊ द्या.

सुताराच्या कामाचा मुद्दा बिल्डर नक्की काढेल. परवानगीशिवाय बाथरूमच्या टाइल्स किंवा पाइपांत बदल केल्यास त्याची जबाबदारी संपते, असं कलम अनेक करारांत असतं. तुमचा करार वाचा. भिंतीला टेकवून कपाट उभं करणं हा तसा बदल नव्हे. पण ते बसवताना ड्रिल करून खिळे किंवा स्क्रू मारले असतील, तर ते पाइपाच्या जागी नाहीत हे इंजिनिअरला तपासायला लावा.

दुसरा मुद्दा तुमच्या बाजूच्या काळजीचा. करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे भरपाई ठरवताना, नुकसान आटोक्यात ठेवण्याचे कोणते उपाय हाताशी होते हेही पाहिलं जातं. म्हणून सगळ्याचे फोटो झाले, इंजिनिअर पाहून गेला, की कपाट तसंच कुजू देऊ नका. भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, दारं रोज काही वेळ उघडी ठेवा, कपडे पूर्ण वाळल्याशिवाय आत ठेवू नका. साधा आर्द्रतामापक आत ठेवून रीडिंग लिहीत चला. आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. मूल खोलीत असताना बुरशी झाडू नका, तिचे कण हवेत उडतात. एवढं करूनही भिंत ओली राहिली, तर ‘तुमच्या सवयी’ हा बिल्डरचा बचाव तुमच्याच वहीने खोडला जाईल.

नोटिशीत ताब्याची तारीख, ओलीची नेमकी जागा, आधीच्या मेसेजच्या तारखा, एकत्र पाहणीची मागणी आणि 30 दिवसांची मुदत एवढं पुरे. रागाचं वाक्य एकही नको. मुदत उलटली तर महारेराकडे रेराच्या कलम 31 खाली तक्रार करा. भरपाईची रक्कम कलम 71 खाली न्यायनिर्णय अधिकारी ठरवतात. ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे, तिथे मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाऊ नका. तुमची पहिली गरज दुरुस्तीची आहे, म्हणून मी महारेरा निवडेन.

तपासणीत पाणी वरच्या फ्लॅटमधून येतं असं निघालं आणि त्यांनी बाथरूम फोडून नव्याने केलेलं असेल, तर आधी सोसायटीकडे लेखी तक्रार द्या. त्या वेळी समोरचा पक्ष बिल्डर नसेल, वरचे शेजारी असतील.

मुलाच्या औषधोपचाराची बिलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आत्तापासून तारखेप्रमाणे लावून ठेवा. घरातल्या बुरशीमुळे दमा बळावतो असं डॉक्टरांचं मत असेल, तर ते त्यांच्याकडून लिहून घ्या.