मोठं हॉस्पिटल नसलेल्या भागात इमर्जन्सीचं ट्रेनिंग कसं उभं करायचं?

तज्ज्ञ डॉक्टर नाहीत, यंत्रं नाहीत, तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. मी परभणी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे, अकरा वर्षं झाली. माझं उत्तर एकच: शिकवणारा माणूस तिथलाच तयार करा.

ट्रेनिंग आम्हालाही मिळायचं. एक दिवस, एक हॉल, पडद्यावर स्लाइडी, संध्याकाळी सर्टिफिकेट. मग एका पावसाळ्यात सोयाबीन खुरपून घरी निघालेल्या बाईला बांधावर साप चावला. अशा वेळी दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी एकदाच आडवी करायची. रक्त न गोठता वाहिलं तर विष रक्तात भिनलंय, अँटीव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) लगेच सुरू. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं, पण हाताने कुणीच केलेलं नव्हतं. काचेची नळी सापडेना, म्हणून प्लॅस्टिकच्या नळीत घेतलं. प्लॅस्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे निकालावर भरवसाच राहिला नाही. बाई जिल्ह्याला पोचली, वाचली. पण ती वीस मिनिटं माझ्या मनातून गेली नाहीत.

आता दर गुरुवारी ओपीडी संपली की अर्धा तास आम्ही सराव करतो. सिस्टर, फार्मासिस्ट, ड्रायव्हर, वॉर्डातले मामा, जे ड्यूटीवर असतील ते सगळे. काचेच्या नळ्या वेगळ्या डब्यात ठेवल्यात. त्या साबणाने धुवायच्या नाहीत, साबण राहिला तरी चाचणी चुकते. अँटीव्हेनम लावण्याआधी अॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचं, अँटीव्हेनमची अॅलर्जी होऊन रिअॅक्शन आली तर मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. फवारणीचं औषध (ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक) पिलेला पेशंट आला तर त्यावर उतारा म्हणून अॅट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यायचं, छातीतली घरघर थांबेपर्यंत. बुबुळाकडे बघून थांबायचं नाही, ही चूक फार जण करतात. सीपीआरच्या, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याच्या सरावाला, पुतळा नाही म्हणून आम्ही उशीत रिकामी बाटली घालतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच सेंटीमीटर खोल. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून माणूस बदलायचा, हे केल्याशिवाय कळतच नाही.

अभ्यासक्रम नव्याने लिहीत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली रेडक्रॉस आणि इतरांबरोबर कमी साधनांच्या ठिकाणांसाठी कोर्स काढलाय. श्वास लागणं, शॉक (म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडणं), शुद्ध हरपणं आणि जखमा, एवढ्या चार दारांतूनच सगळं शिकवलंय.

१०८ ची गाडी राज्यात २०१४ पासून आहे आणि तिचा मोठा आधार आहे. पण ती येईपर्यंतचा वेळ आमच्याच हातात असतो.

एक अडचण आधीच सांगते. बॉन्डवरचे, म्हणजे शिक्षणानंतर सक्तीची सरकारी सेवा करणारे डॉक्टर वर्षभरात बदलून जातात. म्हणून शिकवायची जबाबदारी गावाजवळ राहणाऱ्या दोन सिस्टरांवर द्या. दोन अशासाठी, की एकीची बदली झाली तरी सराव बंद पडायला नको.

आज रजिस्टर उघडा आणि गेल्या वर्षी रात्री कोणते पेशंट जास्त आले ते मोजा. इथे लिहिलंत तर पहिल्या चार गुरुवारचे विषय ठरवायला मी मदत करीन.