कळ दाबली, पण पोहोचली कुणाकडे?

प्रश्न : बरीच वर्षं विम हा टेक्स्ट एडिटर वापरून नुकताच त्यावरूनच बेतलेल्या निओविमवर आलो. एडिटरमधल्या टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या विंडोतून) वरच्या विंडोत जायला सवयीने कंट्रोल-डब्ल्यू दाबतो, तर टाइप केलेला शब्दच पुसला जातो. एस्केपनेही सुटका होत नाही. शेवटी माउस हातात घ्यावा लागतो. सेटिंगमध्ये काही चुकलंय का?
– एक वाचक

उत्तर : काही चुकलेलं नाही. विमने 2018 मध्ये 8.1 आवृत्तीत टर्मिनल आणलं तेव्हा कंट्रोल-डब्ल्यू स्वतःकडे राखून ठेवलं. निओविम मात्र जवळजवळ सगळ्याच कळा आतल्या शेलच्या, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हवाली करतो, आणि शेलच्या लेखी कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे मागचा शब्द पुसणं. तुमचा शब्द तिथेच गेला. एस्केपचंही तेच.

टर्मिनलमधून बाहेर पडून नॉर्मल मोडमध्ये (जिथे कळा एडिटरच्या कमांड असतात) यायचं तर कंट्रोल-बॅकस्लॅश आणि लगेच कंट्रोल-एन. हे विममध्येही चालतं. परत आत जायला आय. बोटांना ही जोडी भलतीच अवघड, म्हणून बरेच जण एस्केपलाच हे काम देतात. मीही दिलं होतं. मग एकदा टर्मिनलमध्ये गिट कमिट केलं (कोडमधले बदल नोंदवले), संदेशासाठी आत दुसरा विम उघडला आणि मी चांगला परिच्छेदभर मजकूर लिहिला. एस्केप दाबलं, ते बाहेरच्या विमनेच खाल्लं. सेव्ह करून बंद करायला कोलन-डब्ल्यूक्यू केलं, तर एरर. वैतागून सक्तीने बंद करणारं कोलन-क्यू आणि उद्गारचिन्ह! टर्मिनल बंद, मजकूर गडप. त्या दिवशी एस्केपचं मॅपिंग काढलं.

आता मी ऑल्ट वापरते. कळेला काम नेमून द्यायला सेटिंगमध्ये नॉर्मल मोडसाठी एननोरीमॅप लिहितो तसं टर्मिनल मोडसाठी टीनोरीमॅप. ऑल्ट-एच, जे, के, एल या चौघांना आधी ती बाहेर पडायची जोडी, मग कंट्रोल-डब्ल्यू आणि तेच अक्षर नेमून द्या. एकाच फटक्यात शेजारच्या विंडोत. बॅश या शेलमध्ये ऑल्ट-एल पुढचा शब्द लहान लिपीत करतं, ते गमवावं लागेल. मला आजवर त्याची गरज पडलेली नाही.

पण बाहेर पडण्याची खरी मजा विंडो बदलण्यात नाही. नॉर्मल मोडमध्ये आलात की टर्मिनलमधलं सगळं आउटपुट साधा मजकूर होतो. स्लॅश देऊन शोधा, वाय-वाय करून ओळ उचला. टेस्ट फसली आणि आउटपुटमध्ये फाइलचं नाव, कोलन, 42 असं दिसलं, तर कर्सर त्या नावावर नेऊन कंट्रोल-डब्ल्यू आणि मोठा एफ दाबा. फाइल नव्या विंडोत थेट 42व्या ओळीवर उघडते. मी दिवसातून कितीदा हे करते, मोजदाद नाही. आउटपुट लांबलचक असेल तर स्क्रोलबॅक (मागच्या किती ओळी जपायच्या ते सेटिंग) वाढवा. मूळ मर्यादा 10000 ओळींची असते.

एक खोच आहे. फाइलचा मार्ग एडिटर स्वतःच्या फोल्डरपासून शोधतो. तुम्ही शेलमध्ये सीडी करून (फोल्डर बदलून) आत गेलात, तरी तो आपला जागच्या जागीच, आणि मग फाइल सापडत नाही म्हणून कुरकुरतो. म्हणून टेस्ट चालवायच्या टर्मिनलमध्ये मी सीडी करतच नाही, सगळं प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमधूनच चालवते.