वहीच्या शेवटच्या पानावरची यादी

मूल होत नाही म्हणून समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या वैशालीने पहिल्या भेटीत माझ्यापुढे एक दोनशे पानी वही ठेवली. आत चार वर्षांच्या पाळीच्या तारखा होत्या, पट्टीने रेघा मारून, निळ्या आणि लाल शाईत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंची वही जशी असावी तशीच. म्हणाली, "मॅडम, बाकीचं राहू द्या. शेवटचं पान तेवढं वाचा."

शेवटच्या पानावर वर लिहिलं होतं, ‘माझ्या चुका’. खाली अकरा ओळी. तिसाव्या वर्षी आलेलं कराडचं स्थळ नाकारलं. भावाच्या शिक्षणाचं कर्ज फिटेपर्यंत लग्न नको म्हटलं. लग्नानंतर पहिलं वर्ष ‘बघू, होईल’ म्हणत घालवलं. सगळ्यात खाली, वेगळ्या पेनने: पपई खाल्ली. स्कूटीवरून शाळेत गेले.

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघांच्या संमतीनेच लिहिते आहे.)

वैशाली ४२ वर्षांची, विलास ४५ चा. तासगाव तालुक्यात त्यांची चार एकर द्राक्षबाग आहे. लग्न झालं तेव्हा ती ३८ ची होती, तो ४१ चा. वडील गेल्यावर दोन भावंडं मार्गी लावण्यात तिची वर्षं गेली. त्याची वर्षं मुली बघण्यात गेली. शेतकरी नवरा म्हटला की बोलणी पुढे सरकत नाहीत, हे आमच्या भागात आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चाळिशीत बाळासाठी धडपडणारी जोडपी म्हणजे करिअरच्या मागे लागलेली शहरी माणसं, असा एक समज आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत वैशाली-विलाससारखीच माणसं जास्त असतात. कुणी मजेखातर उशीर केलेला नसतो.

सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच असतो: "आता जमेल का? आणि नाही जमलं तर तो माझाच दोष ना?"

पहिल्या भागाचं उत्तर शरीरशास्त्रात आहे आणि ते मी कधी गोड करून सांगत नाही. बाई जन्माला येते तीच तिच्या आयुष्यभराची स्त्रीबीजं घेऊन. जन्मतः ती दहा ते वीस लाख असतात, वयात येताना तीन-चार लाख उरतात आणि सदतिशीच्या आसपास पंचवीसेक हजार. नवीन तयार होत नाहीत. संख्येइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वय वाढतं तशी बीजातली गुणसूत्रं नीट विभागली जात नाहीत. म्हणून तिशीत दर महिन्याला शंभरातल्या साधारण वीस जणींना दिवस जात असतील, तर चाळिशीत तेच प्रमाण पाचाच्या आसपास येतं. पाळी घड्याळासारखी येते म्हणजे सगळं ठीक आहे, असं वैशाली धरून चालली होती. वहीतल्या तारखा नियमितच होत्या. पण पाळी नियमित असणं आणि बीज चांगलं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

तिची एएमएच ही रक्ततपासणी ०.७, म्हणजे कमी, आली होती. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून पाच बीजकोश दिसले होते. एएमएच साठा किती उरलाय ते सांगतं, बीजाचा दर्जा सांगत नाही. दर्जा मुख्यतः वयावर ठरतो. डॉक्टरांनी आयव्हीएफ (बीज शरीराबाहेर फळवून तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडणं) सुचवलं होतं, आणि स्वतःच्या बीजाने केलं तर एका प्रयत्नात बाळ हाती येण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास, हेही स्पष्ट सांगितलं होतं. मला ते डॉक्टर आवडले. "आमच्याकडे यशाचं प्रमाण साठ टक्के" असं कुणी म्हणालं तर आधी विचारावं, कोणत्या वयाच्या बायकांचं, कुणाच्या बीजाने, आणि साठ टक्के कसले, टेस्ट पॉझिटिव्ह येण्याचे की बाळ घरी नेण्याचे.

"पण फराह खानला झाली की तिळी," वैशाली म्हणाली. झाली, २००८ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आयव्हीएफने, आणि त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं. त्या मोकळेपणाबद्दल मला आदर आहे. मात्र पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या आईपणाच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांत बीज कुणाचं होतं, तरुणपणी गोठवून ठेवलेलं होतं का, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. ते कळायचा आपल्याला हक्कही नाही. म्हणूनच अशा बातमीवरून स्वतःचा हिशेब मांडू नये.

दुसऱ्या भागाचं, दोषाचं उत्तर, मला त्या दिवशी देता आलं नाही. स्कूटीचं काय, एवढंच मी विचारलं.

ती विलासकडे बघेना. चाळिसाव्या वर्षी तिला दिवस गेले होते. सातव्या आठवड्यात गेलं. घरात फक्त नवऱ्याला माहीत होतं. आदल्या दिवशी ती खड्ड्यांतून स्कूटी चालवत शाळेत गेली होती, त्याच्या आदल्या रविवारी शेजारणीने दिलेली पपई खाल्ली होती. दोन वर्षं ती त्या दोन दिवसांची उजळणी करत होती. सुरुवातीच्या आठवड्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांत असतं, ते बीज फळतानाच ठरलेलं असतं, खड्ड्यांनी किंवा पिकलेल्या पपईच्या फोडीने ते घडत नाही, हे मी सांगितलं. चाळिशीत तिघींपैकी एकीची गर्भधारणा अशी जाते, हेही सांगितलं. ती मान हलवत होती, ऐकत नव्हती.

तेवढ्यात विलास बोलला. अर्धा तास तो खुर्चीच्या कडेवर बसून होता. "मला वाटायचं माझ्यामुळं गेलं. औषध मारून तसाच घरात यायचो मी. कपडे तीच धुवायची." द्राक्षाला फळछाटणीपासून माल निघेपर्यंत किती फवारण्या लागतात, हे आमच्याकडच्या कुणालाही विचारा. वैशालीने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. एकाच घरात, एकाच ओट्याशी, दोघंही दोन वर्षं तोच गुन्हा आपापल्या नावावर लावून बसली होती आणि एकमेकांना अवाक्षर बोलली नव्हती. मी उठून खिडकी उघडली आणि थोडा वेळ काही बोलले नाही.

त्या भेटीनंतर विलासची वीर्य तपासणी झाली. चार वर्षांत एकदाही झाली नव्हती. सगळ्या तपासण्या, सगळे उपास-नवस, अंगारे-धुपारे तिच्याच वाट्याला. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. दिवस राहत नसतील तर दोघांची तपासणी एकाच आठवड्यात व्हायला हवी. पस्तिशीनंतर सहा महिने वाट बघून डॉक्टरांकडे जावं, चाळिशीनंतर वाटच बघू नये. थायरॉइड, साखर, रक्तदाब आधी बघून घ्यावेत, फॉलिक ॲसिड दिवस राहायच्या आधीपासून सुरू करावं. विलासच्या अहवालात शुक्राणूंची हालचाल कमी आढळली. डॉक्टरांनी तंबाखू सोडायला सांगितलं आणि फवारणीपासून लांब राहायलाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून फेब्रुवारीपासून ट्रॅक्टरवर गडी बसला आणि उपचार मे महिन्याच्या सुट्टीत ठरले.

त्याआधी मी त्यांना एक काम दिलं. ते मी प्रत्येक जोडप्याला देते आणि बहुतेकांना ते आवडत नाही. दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं: किती वेळा प्रयत्न करायचा, किती पैसे घालायचे, कुठे थांबायचं. माझ्या इतक्या वर्षांच्या कामातून मला एवढं नक्की कळलंय की चाळिशीतल्या जोडप्याला उपचारांपेक्षा जास्त मोडतं ते न थांबता येणं. प्रत्येक अपयशानंतर ‘अजून एकदा’ म्हणणारं कुणीतरी भेटतंच. रडून डोळे सुजलेले असताना थांबायची जागा सापडत नाही, ती आधी शांतपणी ठरवावी लागते.

वैशालीने लिहिलं, ‘होईपर्यंत’. विलासने लिहिलं, ‘दोन वेळा. जमीन विकायची नाही.’

चिठ्ठ्या बदलल्या आणि माझ्या खोलीत भांडण झालं. "तुम्हाला जमीन मोठी वाटते का?" ती म्हणाली. तो म्हणाला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना बाग गेली तर येणाऱ्या पोराला खायला काय घालायचं. दोघांचंही खरं होतं. एका आयव्हीएफला औषधांसकट दीड-दोन लाख सहज लागतात आणि आपल्याकडचे बहुतेक आरोग्य विमे हा खर्च देत नाहीत. तीन भेटी या एकाच विषयावर गेल्या. शेवटी ठरलं ते असं: शिक्षक पतसंस्थेत तिचे स्वतःचे जे पैसे आहेत तेवढेच, प्रयत्न दोन, आणि त्यानंतर सहा महिने कुठल्याही दवाखान्याची पायरी चढायची नाही. वहीत एका पानावर हे लिहून दोघांनी सह्या केल्या.

मे महिन्यात अकरा दिवस इंजेक्शनं झाली. चार बीजं मिळाली, दोन फळली, एक गर्भ गर्भाशयात सोडला. चौदा दिवसांनी नकार. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिला पाळी आली, आणि दुसऱ्या दिवशी पहिलीच्या पोरांना फुलं देऊन वर्गात घ्यायचं काम तिच्याकडेच होतं. ते तिने केलं. मग दहा दिवस माझा फोन उचलला नाही. दुसरा प्रयत्न दिवाळीच्या सुट्टीत झाला. या वेळी दोन बीजं मिळाली आणि गर्भ तयारच झाला नाही.

सह्यांचं पान उघडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी दात्रीच्या स्त्रीबीजाचा पर्याय मांडला. हा पर्याय खरा आहे. तो स्वीकारणाऱ्यांना कमी लेखणाऱ्यांशी मी वाद घालते. यात यशाची शक्यता दात्रीच्या वयावर ठरते, त्यामुळे ती कितीतरी वाढते. अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे दात्री २३ ते ३५ वयाची असते, आयुष्यात एकदाच बीज देते, नोंदणीकृत बीज-बँकेमार्फतच देते. तिची ओळख उघड होत नाही, आणि जन्मलेलं मूल कायद्याने या जोडप्याचंच असतं. उपचार घेणाऱ्या बाईचं वय पन्नाशीच्या आत आणि पुरुषाचं पंचावन्नच्या आत लागतं. चाळिशीनंतरच्या गरोदरपणात रक्तदाब आणि साखर वाढण्याचा धोका जास्त, तेव्हा बीज कुणाचंही असो, प्रसूती अशाच ठिकाणी व्हावी जिथे रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया होऊ शकते. आणि बीज स्वतःचं असेल तर चाळिसाव्या वर्षी शंभरात एका बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता धरतात. त्यासाठी अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातली एनटी सोनोग्राफी (गर्भाच्या मानेमागची जाडी मोजणारी) आणि रक्ततपासणी चुकवू नये.

मला वाटलं होतं वैशालीला ‘ते माझं कसं?’ हा प्रश्न पडेल. नाही पडला. "नऊ महिने रक्त माझंच ना," म्हणाली. अडला विलास. बराच वेळ टोपी हातात फिरवत होता. "नातं माझं तेवढं राहील आणि तिचं नाही. उद्या घरात कुणी तसं बोललं तर? मला नको." याला मी पुरुषी अहंकार म्हणणार नाही. यात त्याला तिचीच काळजी होती. मी त्याला वळवायचा प्रयत्न केला नाही, तिनेही केला नाही.

‘घरात कुणी’ म्हणजे सासूबाई, असं मी धरून चालले होते. नवस त्यांचे, ओटीभरणाला सुनेला मागे ठेवणाऱ्याही त्याच. पुढच्या भेटीला वैशाली त्यांनाच घेऊन आली. सत्तरीच्या, नऊवारीतल्या, हात बागेत काम करून काळवंडलेले. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "म्या तीन पुरल्याती बाई. इलासच्या आधी. दोन पोरी, एक पोरगा. ओटीला हिला म्होरं करत न्हाई ते बाया डोळं लावून बघत्यात म्हनून. आता हिच्या अंगाला सुया नगंत." त्यांच्याबद्दल मी वर्षभर चुकीचं समजत होते. वैशालीलाही यातलं काहीच माहीत नव्हतं. ती सासूचा हात धरून बसली आणि विलास बाहेर जाऊन उभा राहिला. तीन भावंडांचं त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

सहा महिने त्यांनी पाळले. पाळायला सोपी गोष्ट नव्हती, तरी पाळले. पाचव्या महिन्यात तिने विचारलं, "दत्तक घ्यायला आम्ही म्हातारे झालो का?"

दत्तकाच्या नियमांत पती-पत्नीच्या वयांची बेरीज बघतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती ८५ पेक्षा जास्त चालत नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० पर्यंत चालते, चार ते आठच्या मुलासाठी १०० पर्यंत. विलासने बोटांवर मोजलं: त्रेचाळीस अधिक सेहेचाळीस, एकोणनव्वद. पुढच्या वाढदिवसांना एक्याण्णव. पहिल्यांदा त्यांना एक तारीख मिळाली होती, जिच्या आत त्यांच्या हातांनी काहीतरी होऊ शकत होतं.

फळछाटणी सुरू व्हायच्या आधी त्यांनी कारा या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी केली. मुलगा की मुलगी या रकान्यात दोघांनीही काही ठरवून टाकलं नाही. वाट बघावी लागेल, वर्षं लागतील, हे मी त्यांना सांगितलंय. परवा तिचा फोन आला. गृहभेटीला समाजसेविका येणार आहेत, घर मातीचं आहे, एक खोली बेदाण्याच्या पेट्यांनी भरलीय, चालेल का? मी म्हटलं, पेट्या हलवू नका, असू द्या. मागून सासूबाईंचा आवाज आला, त्या बाईंना जेवायला थांबायला सांगा म्हणाव.