ब्रुसेलोसिसच्या निदानात करिअर करता येईल का?

प्रश्न : शिरूर तालुक्यात आमचा दुधाचा व्यवसाय आहे. मुलगी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जीवाणूंच्या पृष्ठभागावरील प्रथिनांपासून ब्रुसेलोसिसची चाचणी तयार करण्याच्या विषयात तिला पुढे जायचे आहे. हे काम धोक्याचे नाही का, आणि त्यातून नोकरी मिळेल का? – एक पालक

उत्तर : आपली भीती निराधार नाही. जनावरांत सांसर्गिक गर्भपात घडवणारा आणि कच्च्या दुधातून किंवा व्यालेल्या जनावराची वार (जार) हाताळताना माणसाला लागण करणारा ब्रुसेला हा जंतू प्रयोगशाळेत श्वासावाटेही शरीरात जाऊ शकतो, म्हणून त्याची जिवंत वाढ तिसऱ्या जैवसुरक्षा पातळीच्या प्रयोगशाळेतच करतात. मात्र प्रथिनावर आधारित चाचणीसाठी त्या प्रथिनाचे जनुक ई. कोलाय या जीवाणूच्या निरुपद्रवी वाणात घालून प्रथिन तयार करता येते. जिवंत ब्रुसेला हाताळावाच लागतो असे नाही. रक्तजलाचे (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचे, म्हणजे सीरमचे) नमुने हाताळताना घ्यायची काळजी अर्थातच सुटत नाही.

या विषयाची गरज खरी आहे. गोठ्यांच्या तपासणीत वापरली जाणारी रोझ बेंगाल चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण ती जीवाणूच्या बाह्य आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड या मेद-शर्करायुक्त रेणूविरुद्धची प्रतिपिंडे शोधते, आणि येर्सिनिया एन्टरोकोलिटिका या वेगळ्या जीवाणूच्या ओ:9 प्रकारातील या रेणूची रचनाही तशीच असल्याने निरोगी जनावर कधी कधी बाधित ठरते. म्हणून ओएमपी25, ओएमपी31 यांसारख्या बाह्य आवरणातील प्रथिनांकडे संशोधक वळले. तरीही प्रथिन बदलले की प्रश्न सुटला, असे मुलीने मानू नये. ओएमपी31 हे शेळ्या-मेंढ्यांतील ब्रुसेला मेलिटेन्सिसमध्ये असते, परंतु गाईम्हशींना प्रामुख्याने बाधणाऱ्या ब्रुसेला अबॉर्टसमध्ये ते नसतेच. तेव्हा आपल्या गोठ्यासाठी केवळ त्यावर उभारलेली चाचणी कुचकामी ठरेल. शिवाय चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना टोचली जाणारी एस19 लस ही जिवंत जीवाणूंचीच असल्याने बाह्य आवरणातील ही प्रथिने तिच्यातही असतात, आणि लसीची प्रतिपिंडे कोणती व रोगाची कोणती, हे ओळखणे तेवढ्याने साधत नाही.

नोकरीविषयी स्पष्ट सांगतो. केवळ 'ब्रुसेला' या नावावर जागा निघत नाहीत. प्रथिन शुद्धीकरण, एलायझा (प्रतिपिंडे शोधण्याची रंगबदलावर आधारित चाचणी) आणि चाचणीची संवेदनशीलता (बाधित ओळखण्याची क्षमता) व विशिष्टता (निरोगी ओळखण्याची क्षमता) मोजण्यापुरते संख्याशास्त्र एवढे हाताशी असेल, तर निदान-संच बनवणाऱ्या कंपन्यांत कोणत्याही रोगाच्या कामासाठी ती उपयोगी ठरते. औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, परंतु त्या खात्यातील पशुधन विकास अधिकारीपदासाठी पशुवैद्यकीय पदवीच लागते, हे आधी लक्षात घ्यावे. (पाषाणच्या विषाणू संस्थेचे नाव पालक हटकून घेतात; ब्रुसेला हा विषाणू नव्हे.)

माझ्या मते तिने सूक्ष्मजीवशास्त्रात किंवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करावी, जैवतंत्रज्ञानासाठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देता येईल. पीएच.डी.चा निर्णय त्यानंतर. एम.एस्सी.चा प्रकल्प निवडताना मात्र मार्गदर्शकांना तिने एवढे अवश्य विचारावे, की बाधित, निरोगी आणि लस दिलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या जनावरांचे रक्तजल कोठून मिळणार आहे. त्याचे उत्तर नसेल, तर प्रथिन कितीही शुद्ध झाले तरी चाचणी पारखता येणार नाही, आणि तिने दुसरा प्रकल्प पाहावा.