दुग्धप्रक्रिया कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येते का?

होय, कूलिंग टॉवर, आवाराची धुलाई आणि झाडे यांसाठी ते निश्चित वापरता येते, उत्पादनाला स्पर्श करणाऱ्या कामासाठी मात्र वापरू नये. या पाण्यातील मुख्य भार दुधातील साखर, प्रथिने व स्निग्धांश यांचा असून जिवाणू तो सहज पचवतात. परंतु चीज किंवा पनीर करताना निघणाऱ्या निवळीची जैविक ऑक्सिजन मागणी (घाण पचवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला 30,000 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकते, म्हणून निवळी गटारात न सोडता वेगळीच काढावी. चरबी आधी सापळ्यात अडवणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण ती शुद्धीकरण टाकीतील जिवाणूंच्या गाळाला चिकटते, गाळ तरंगू लागतो आणि टाकीबाहेर वाहून जातो. कॉस्टिक सोड्याच्या धुलाईतून आलेले सोडियम जैविक प्रक्रियेने निघत नाही. असे पाणी सतत दिल्यास जमीन चोपण (सोडियम साचून घट्ट व नापीक) होते, त्यामुळे झाडांना देण्यापूर्वी सोडियमची तपासणी अवश्य करून घ्यावी.